लवंग तेल तळ्यात ओतून माशांच्या उवा जात नाहीत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पुरवणीत माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवी उवांवर लवंग तेलाचा उपाय छापून आला होता. एकरी एक लिटर तेल साबणाच्या पाण्यात घुसळून तळ्यावर शिंपडावे, आठवड्यात उवा जातात, आणि तेल नैसर्गिक असल्याने अपाय काही नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर बरेच शेततळेवाले बाटल्या घेऊन विचारायला येऊ लागले आहेत. रोहू-कटल्याचे बीज तयार करणे आणि शेततळ्यांना सल्ला देणे हे आमचे रोजचे काम, म्हणून हे पत्र. सुगंधी तेले माशांच्या परजीवींवर काम करतात, यात खोटे काही नाही. पण ती टाकीत, मोजून, थोड्या वेळाच्या आंघोळीत वापरायची गोष्ट आहे. तळ्यात ओतायचे औषध ते नाही.

आधी हिशेब करू. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. सरासरी खोली १.२ मीटर धरली तर पाणी होते सुमारे ४८५० घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लाख लिटर. लवंग तेल पाण्यापेक्षा किंचित जड असते, लिटरचे वजन सुमारे १०५० ग्रॅम. हे सगळे तेल पाण्यात एकसारखे मिसळले असे मानले तरी लिटरभर पाण्याच्या वाट्याला पाव मिलिग्रॅमही येत नाही. प्रयोगांत परजीवींवर परिणाम दिसतो तो साधारणपणे लिटरला वीस-तीस मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रेला. म्हणजे लेखातली मात्रा निदान शंभरपट कमी आहे. मग मात्रा वाढवावी, असे कोणी म्हणेल. लिटरला २० मिलिग्रॅम गाठायचे तर त्याच एका एकराला ९७ किलो तेल लागेल. किलोला हजार रुपये धरले तरी एका फवारणीचे ९७ हजार झाले. आणि एवढे तेल खरोखर तळ्यात पडले तर परजीवींच्या आधी मासेच लटपटू लागतील, कारण लवंग तेलातला युजेनॉल हा घटक माशांना गुंगी आणतो. मत्स्यबीज केंद्रांत त्याचा मुख्य उपयोग तोच आहे. तळ्यात गुंगलेला मासा बाहेर काढून ताज्या पाण्यात टाकायची सोय नसते.

साबण-तेलाची कल्पना कुठून आली असेल, याचा अंदाज बांधता येतो. संगोपन तळ्यात जिरे (माशांची अगदी लहान पिल्ले) सोडण्याआधी हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण शिंपडण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती बरोबरही आहे. जिरे खाणारे पाणकिडे श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतात. तेलाचा तवंग त्यांच्या श्वासनळ्या बंद करतो आणि ते मरतात. म्हणून ती फवारणी वारा पडलेला असताना, जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी करतात. माशाची ऊ मात्र पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगते. श्वासासाठी तिला वर यावे लागत नाही. तिच्यावर तवंगाचा काय परिणाम होणार?

परजीवी कोणता, हे न पाहता औषध ठरवणे हा दुसरा घोटाळा. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतात म्हणून ‘कल्ल्यांत किडे झाले’ असे समजून तेल आणणारे बरेच आहेत. पहाटे वर येणारे आणि ऊन चढल्यावर खाली जाणारे मासे ऑक्सिजन कमी असल्याचे सांगतात. त्यांना एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) हवा. दिवसभर, एअरेटर चालू असतानाही, पाणी आत येते त्या पाइपाशी गर्दी करणाऱ्या माशांचे कल्ले बघावेत. कल्ल्याची एक छोटी झालर कात्रीने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, कमी ताकदीच्या भिंगातूनही पुष्कळ कळते. एका टोकाने चिकटून दुसरे टोक लांब-आखूड करणारा, पुढच्या टोकाला चार काळे ठिपके असलेला किडा म्हणजे डॅक्टिलोगायरस, कल्ल्यांचा चपटा कृमी. गोल तबकडीसारखे, कंगोऱ्यांचे वर्तुळ असलेले आणि गरगर फिरणारे ट्रायकोडिना. मोठ्या पेशीत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसले आणि अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके असले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ऊ, म्हणजे अर्गुलस, साध्या डोळ्यांना दिसते: चपटी, पारदर्शक, बहुधा सात-आठ मिलिमीटरची, बोट लावले की खवल्यावरून सरकणारी. नांगरकृमी (लर्निया) सरकत नाही. त्याचे डोके मांसात रुतलेले असते आणि बाहेर दोऱ्यासारखे शरीर लोंबते, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या.

या पाचांवर तेलाचा परिणाम सारखा होत नाही. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, गवती चहातले सिट्राल ही द्रव्ये पेशींच्या पातळ पडद्यांतून आत शिरतात आणि मज्जातंतूंचे काम बिघडवतात. चपटा कृमी मऊ अंगाचा, त्याला कवच नाही, म्हणून तो सर्वांत आधी सैल पडतो. ऊ आणि नांगरकृमी हे कोळंबीच्या कुळातले, वरून कायटिनचे कवच असलेले. युजेनॉलने ऊ गुंगते आणि माशावरून गळून पडते. बघणाऱ्याला वाटते मेली. पण ती गुंगलेली असते आणि ताज्या पाण्यात गेली की पुन्हा पोहू शकते. खेकडे-कोळंबीसारख्या प्राण्यांना हाताळण्यापूर्वी लवंग तेलाने गुंगी देतात आणि ते शुद्धीवरही येतात. ऊ त्याच कुळातली. म्हणून आंघोळीचे पाणी तळ्यात परत ओतले की सगळे मुसळ केरात. ते बारीक कापडातून गाळायचे, कापडावरचे सगळे उन्हात वाळवायचे आणि पाणी बांधापासून दूर कोरड्या जमिनीवर सोडायचे.

पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू माशाच्या कातडीखाली असतो तोवर तेल, मीठ, काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मार बसतो तो तिथून बाहेर पडून पाण्यात पोहणाऱ्या पिलावळीला. पाण्याचे तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. म्हणून एकदा आंघोळ घालून ठिपके गेले नाहीत तर ‘तेल बोगस निघाले’ असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि गेले तर ते तेलानेच गेले असेही नाही.

प्रयोगशाळेतल्या निकालांबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण जाहिरातींत तेच छापतात. काचेच्या बशीत कृमी वेगळे काढून त्यांच्यावर तेल टाकले की ते मिनिटांत मरतात. तेच तेल जिवंत माशाला आंघोळीतून दिले की आकडे एकदम उतरतात. ब्राझीलमध्ये तांबाकी माशांवर लिपिया या झुडपाच्या तेलांचे बरेच काम झाले आहे. तांबाकी हा आपल्याकडे तळ्यात वाढणाऱ्या रूपचंदचा जवळचा भाऊबंद, म्हणून ते काम आपल्या कामाचे. तिथेही हाच प्रश्न पुढे आला: बशीत उत्तम दिसणारी मात्रा माशाला दिली की कल्ल्यांना इजा होऊ लागते, आणि मासा सोसेल एवढी दिली तर कृमी पुरेसे मरत नाहीत. कारण उघड आहे. जो पातळ पडदा कृमीचा आहे, तसाच पातळ पडदा माशाच्या कल्ल्याचाही आहे. माशाला सोसणारी आणि कृमीला मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि पाणी गरम असेल तर ते आणखी कमी होते.

कडुलिंबाचे तेल या चर्चेत ओढून आणू नये. ते बिया दाबून काढलेले जड तेल आहे, वाफेवर काढलेले सुगंधी तेल नव्हे. त्यातले अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळ्या पद्धतीने काम करते. सोनमाशांवरच्या उवांसाठी अझाडिरॅक्टिनच्या आंघोळीचे प्रयोग मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी केले आहेत. पण ते मोजलेले द्रव्य होते. फवारणीच्या दुकानातले कडुलिंब तेल, त्यात मिसळलेल्या इतर रसायनांसकट, तळ्यात टाकणे म्हणजे तो प्रयोग नव्हे.

मग तेल वापरायचे कुठे? बाहेरून आणलेल्या बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) विलगीकरण टाकीत, प्रजनकांच्या (बीजासाठी राखलेल्या मोठ्या माशांच्या) टाकीत आणि शोभेच्या माशांत. तेही असे.

बाटलीवर युजेनॉलचे प्रमाण टक्क्यांत लिहिलेले असावे. लवंग तेलात ते साधारण ७० ते ९० टक्के असते. खोलीत सुवास पसरवायची ‘अरोमा’ तेले घेऊ नयेत, त्यांत वास तेवढा लवंगेचा असतो. तेल काचेच्या गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे. थर्माकोलचा पेला आणि स्वस्त पारदर्शक प्लास्टिकचे कप लवंग तेलाने मऊ पडतात आणि विरघळतात, म्हणून मोजमाप काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. थेंबांत मोजू नये. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो.

तेल थेट पाण्यात टाकले तर थेंब होतात. निलगिरीसारखी हलकी तेले तरंगतात, लवंगेचे तळाशी बसते, आणि असा एखादा शुद्ध थेंब माशाच्या कल्ल्याला चिकटला की ती जागा भाजल्यासारखी पांढरी पडते. म्हणून आधी द्रावण. १० मिलिलिटर तेल ९० मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये मिसळायचे. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम तेल येते. हार्डवेअरच्या दुकानातले निळे-जांभळे स्पिरिट चालत नाही. ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात जे मिसळतात ते माशालाही मारते. इथेनॉल मिळत नसेल तर तेल आणि पॉलिसॉर्बेट-८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) सम प्रमाणात घोटून, कोमट पाणी थोडे थोडे घालत दुधासारखे होईपर्यंत हलवायचे. मात्र हे दूध पातळ असल्याने त्यात दर मिलिलिटरला तेल किती, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. वर थेंब दिसले तर ते वापरू नये.

आता टाकी. ड्रमवर ‘२०० लिटर’ लिहिले आहे म्हणून पाणी २०० लिटर नसते. १० लिटरच्या बादलीने एकदा मोजून आतल्या बाजूला खूण करून ठेवावी. २०० लिटर पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम हवे असेल तर एकूण २००० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या इथेनॉल द्रावणाचे २० मिलिलिटर. ते आधी बादलीभर पाण्यात फेटून मग टाकीत चारी बाजूंनी सोडायचे. बोटुकलीला १२ तास आणि मोठ्या माशाला २४ तास आधी खाद्य बंद. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) पूर्ण जोरात, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर. वेळ सकाळची. पाणी ३० अंशांच्या वर गेले असेल तर त्या दिवशी आंघोळ नको.

सुरुवात लिटरला ५ ते १० मिलिग्रॅमने आणि अर्ध्या तासाने करावी, आणि तीही आधी दहाच माशांवर. शेजारच्या टबात तेवढेच इथेनॉल, तेल नाही, आणि दहा मासे. दोन्ही टबांतले मासे २४ तास पाहावेत. आंघोळीच्या आधी पाच माशांच्या कल्ल्यांतले कृमी मोजावेत आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टबांतल्या पाच-पाच माशांचे मोजावेत. आकडा उतरला नाही तर ते तेल, त्या पाण्यात, त्या माशाला उपयोगाचे नाही. मात्रा दुप्पट करत जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मासा आडवा होऊ लागला, कल्ल्यांची हालचाल मंदावली की लगेच ताज्या पाण्यात. कल्ले थांबलेच तर माशाचे तोंड पाइपाच्या मंद धारेकडे धरून ताजे पाणी तोंडातून कल्ल्यांकडे जाऊ द्यावे. मासा मागे-पुढे खेचू नये, उलट्या बाजूने पाणी शिरले की कल्ले आणखी बिघडतात.

लवंग तेलाचा आमच्या मते सर्वांत पक्का उपयोग परजीवी मारण्याचा नाहीच. तो आहे नांगरकृमी हाताने उपटण्यासाठी मासा शांत करण्याचा. प्रजनक मादी तीन-चार किलोची असते, तडफडली तर स्वतःचे खवले उडवते आणि धरणाऱ्याचा हात सोलवटते. ५० लिटरच्या टबात वरचेच २० मिलिलिटर द्रावण, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम. रोहू-कटल्यासारखे कार्प मासे या मात्रेला काही मिनिटांत तोल सोडतात, कल्ले मात्र हलत राहतात. तेवढ्यावर बाहेर काढायचे, ओल्या फडक्यावर ठेवायचे, डोळे झाकायचे. चिमट्याने कृमी लोंबत्या टोकाला नाही, तर कातडीत शिरतो तिथे अगदी मुळाशी धरायचा आणि न झटकता एका ओढीत काढायचा. मध्येच तुटला तर डोके आत राहते आणि जखम सडते. जखमेवर पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन कापसाने लावायचे, कल्ल्यांकडे ओघळू द्यायचे नाही. मासा हवेत दोन मिनिटांहून जास्त नको. काढलेले कृमी अंड्यांच्या पिशव्यांसकट स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे, तळ्याकाठी नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. लवंग आणि ओवा ही दोन्ही तेले डोळ्यात गेली तर धडगत नाही, आणि इथेनॉल आहे म्हणून जवळ विडी-काडी नको.

एक आंघोळ घालून कोणी निर्धास्त होऊ नये. कल्ल्यांच्या कृमीची अंडी तेलाला दाद देत नाहीत आणि उबदार पाण्यात काही दिवसांत फुटतात, म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा आंघोळ लागते. उवेचे तर दुखणेच निराळे. ती माशावर राहते पण अंडी माशावर घालत नाही. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही टणक पृष्ठभागावर रांगेने चिकटवते आणि आपल्याकडच्या पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात. मातीच्या तळ्यात तिला दगड-लाकूड शोधावे लागते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर सगळा तळच टणक! प्लास्टिक कागदाच्या बाजू, दोर, पाइपाचे तोंड, तरंगते डबे, सगळीकडे ती अंडी घालू शकते. मासे पकडून आंघोळ घातली आणि त्याच तळ्यात सोडले की पंधरवड्यात पहिले पाढे पंचावन्न. यावर उपाय तेलाचा नाही, बांबूचा आहे. तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा फळ्या उभ्या कराव्यात, दर आठवड्याला काढून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि पुन्हा लावाव्यात. शेततळे रिकामे झाले की प्लास्टिकच्या बाजू राठ झाडूने घासून, तळ वाळवून मगच नवे पाणी घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते कुणी सांगत नाही आणि बाटली विकली जाते.

शेततळ्याच्या पाण्याच्या हिशेबात होणारी एक चूक इथे सांगायला हवी, कारण ती तेलापुरती नाही, पोटॅशियम परमँगनेटपासून चुन्यापर्यंत सगळ्याला लागू आहे. वरून ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर, म्हणून ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर, असा गुणाकार सर्रास होतो. पण बाजूंना उतार असतो. उतार एकास एक असेल तर तळ २४ बाय २४ चाच उरतो आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यातले पाणी भरते २१९६ घनमीटर. म्हणजे २७०० च्या हिशेबाने टाकलेले कोणतेही औषध जवळजवळ सव्वापट होते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर आलेले असताना जुन्याच आकड्याने औषध टाकले तर किती पट, याचा विचार करावा.

बायोफ्लॉकच्या (पाण्यातच जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, वाढवून घाण पचवण्याच्या पद्धतीच्या) टाकीत कोणतेही सुगंधी तेल टाकू नये. ही तेले जिवाणूनाशकही आहेत. फ्लॉकमधले अमोनिया पचवणारे जिवाणू दबले की अमोनिया चढतो आणि मासे परजीवीने नव्हे, त्याने मरतात. तिलापियाला आंघोळ द्यायची तर वेगळ्या टाकीत काढून. जलाशयातल्या पिंजऱ्यांत वाढणाऱ्या पंगासियस-तिलापियाला जागेवर औषध देणे आणखी अवघड. भोवती ताडपत्री लावून पाणी अडवले तरी आतला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, शिवाय उजनीसारख्या जलाशयाचे पाणी खालच्या गावांना प्यायला जाते. तिथे आम्ही तेलाचा सल्ला देत नाही.

खाद्यातून ओव्याचे किंवा लवंगेचे तेल देण्याबद्दलही विचारणा होते. प्रयोगांत किलोभर खाद्याला साधारण अर्धा ते दोन ग्रॅम तेल दिलेले असते, आणि हेतू बहुतेक वेळा पचन आणि प्रतिकारशक्ती हा असतो. माशाच्या पाठीवर बसलेली ऊ त्याने हटत नाही. द्यायचेच असेल तर तेल थोड्या सोयाबीन तेलात मिसळून तयार गोळ्यांवर शिंपडावे, सावलीत अर्धा तास पसरावे, हवाबंद डब्यात भरून आठवड्यात संपवावे. पेंड-कोंड्याच्या गोळ्यांत आधी घालून मग त्या वाफवल्या किंवा उन्हात वाळवल्या तर तेल उडून जाते, पैसे गेले आणि वास राहिला. वास उग्र झाला की मासे खाद्य सोडतात आणि ते कुजून पाणी बिघडते ते वेगळेच.

या सगळ्या खटाटोपाआधी मीठ वापरून पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १०० लिटर पाण्यात ३ किलो जाडे मीठ, बोटुकलीला त्याच्या निम्मे. मासे अस्वस्थ होईपर्यंत, पण पाच मिनिटांहून जास्त नाही. ट्रायकोडिना आणि कल्ल्यांच्या कृमींवर एवढ्याने चांगला फरक पडतो. कटल्यावर नजर जास्त ठेवावी, तो रोहू-मृगळाहून नाजूक. किराणा दुकानात मिळते, मोजायला सोपे, द्रावण करायला स्पिरिट लागत नाही, आणि चुकले तर मासा वेळेत वाचतो. मिठावर कोणी लेख लिहीत नाही, हे मान्य.

‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’ या वाक्याबद्दल दोन शब्द. मॅलॅकाइट ग्रीन हे परजीवी मारणारे रंगद्रव्य खाण्याच्या माशांत वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सायपरमेथ्रिनसारखी पिकांची कीटकनाशके तळ्यात ओतणारे आहेत, त्यांच्यापुढे तेल खचितच सौम्य. पण युजेनॉलही माशाच्या अंगात शिरते, आणि खाण्याच्या माशांसाठी लवंग तेलाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिलेली नाही. ज्या माशाला तेलाची आंघोळ दिली तो निदान दोन आठवडे बाजारात जाऊ नये, असा नियम आम्ही स्वतः पाळतो. बाजारात न्यायच्या तयार मासळीला तेल लावूच नये. एकाच तळ्यात गोड्या पाण्यातली कोळंबी असेल तर तेलाचा अंशही तिकडे जाऊ देऊ नये, उवेला जे बाधते ते कोळंबीलाही बाधते.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती की माशांचे औषध छापताना ‘एकरी एवढे’ असे न छापता लिटरला किती मिलिग्रॅम, किती मिनिटे, कोणत्या जातीला, केवढ्या आकाराच्या माशाला आणि किती तापमानाला, हे पाच तपशील मागून घ्यावेत. लेखकाला ते देता आले नाहीत तर लेख थांबवावा. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत, तिथल्या अध्यापकांकडून मजकूर तपासून घेणे अवघड नाही.

आणि तपासणीला मासा पाठवणाऱ्यांसाठी. बर्फातला मेलेला मासा पाठवून उपयोग होत नाही. मासा मेला की ट्रायकोडिनासारखे परजीवी थोड्याच वेळात त्याला सोडतात किंवा मरतात, ऊ तर पोहत निघून जाते, आणि अहवाल येतो ‘परजीवी आढळले नाहीत’. रोगट दिसणारे तीन ते पाच जिवंत मासे, तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, बाहेरून गोणपाट ओले करून, सकाळी लवकर न्यावेत. दुसऱ्या बाटलीत लिटरभर तळ्याचे पाणी. कागदावर तळ्याचे माप, पाण्याची आजची खोली, शेवटचे खाद्य कधी दिले आणि गेल्या पंधरा दिवसांत पाण्यात काय काय टाकले ते लिहावे. लवंग तेल टाकले असेल तर तेही लिहावे, लपवू नये.

आपले,
मत्स्यबीज आणि शेततळ्यांचे काम करणारे काही वाचक,
भिगवण परिसर